पाण्याखालचा शिक्षक आणि पोवळ्यांची राखण



सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्यावर गेल्या दोन दशकांत एक नवा व्यवसाय रुजला आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या गावांतील तरुण पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतात आणि परगावच्या पाहुण्यांना समुद्रतळाचे दर्शन घडवून आणतात. यांपैकी काहींनी या विद्येचे रीतसर शिक्षण घेतले, परीक्षा दिल्या आणि ते स्वतः प्रशिक्षक झाले. ही विद्या आपल्याकडे स्कूबा डायव्हिंग याच नावाने ओळखली जाते. 'पाणबुडी' हा चांगला मराठी शब्द नौदलाच्या नौकेने केव्हाच आपल्याकडे घेतला. माणसासाठी 'पाणबुड्या' तेवढा उरला, आणि येथे तोच वापरणे सोयीचे होईल.

या पाणबुड्या प्रशिक्षकाचे जीवन आणि त्याच्याकडे नकळत आलेली पोवळ्यांची राखण हा आजचा विषय आहे. नकळत म्हणण्याचे कारण असे, की बहुतेकजण या व्यवसायात आले ते पोटासाठी. प्रवाळ जगले तर पाहुणे येतील, पण पाहुणे आले म्हणून प्रवाळ जगतीलच असे नाही, हे कोडे त्यांच्यापुढे नंतर उभे राहिले. त्याचे उत्तर काही अंशी प्रशिक्षकाच्या अध्यापनात आहे आणि बऱ्याच अंशी ते ग्रामपंचायतीच्या बैठकीत व शासकीय कचेरीत आहे. म्हणूनच हा विषय आपल्यासारख्यांपुढे मांडणे अगत्याचे वाटते.

किल्ल्याभोवतीची वस्ती

शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी १६६४ मध्ये सुरू केली, हे शाळेतील प्रत्येक मुलास ठाऊक असते. त्या तटाखालचा खडक जेथे पाण्यात उतरतो तेथे आणि भोवतालच्या बुडालेल्या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे, हे मात्र पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसते. लक्षद्वीपमध्ये प्रवाळांनीच बेटे घडविली आहेत. मालवणची वस्ती तशी नव्हे. येथील प्रवाळ खडकांवर ठिकठिकाणी, कोठे दाट तर कोठे विरळ, अशा तुकड्यांनी वाढतात. पावसाळ्यात नद्या व खाड्यांचे गढूळ पाणी या भागावर येते. इतक्या गाळात तग धरून राहणारे हे प्रवाळ तसे चिवटच म्हणावयास हवेत. लक्षद्वीपची निळाई येथे शोधणाऱ्यास निराश व्हावे लागेल; चिवटपणाचे मोल जाणणाऱ्यास होणार नाही.

१९८७ मध्ये या परिसरास सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील सुमारे ३ चौरस किलोमीटरचा भाग गाभाक्षेत्र म्हणून ठरविण्यात आला. किल्ला आणि शेजारचा पद्मगड याच परिसरात येतात. पुढे २००१ मध्ये भित्ती घडविणाऱ्या प्रवाळांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला. म्हणजे वाघाला जे कायदेशीर संरक्षण, तेच या दगडासारख्या दिसणाऱ्या जिवाला मिळाले.

दगडासारखा दिसणारा हा प्राणी आहे, हे प्रशिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांना दररोज सांगावे लागते. अंगठीत बसवितात ते लाल पोवळे निराळे. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येते. भित्ती घडविणारा प्रवाळ म्हणजे काही मिलिमीटर आकाराच्या असंख्य जिवांची एकत्र वसाहत होय. प्रत्येक जीव आपल्याखाली चुन्याचा सांगाडा रचीत जातो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा आपल्या यजमानास देतात. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या शैवालांचाच असतो. फांद्यांचे प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक वाढतात, परंतु घुमटासारखे भरीव प्रवाळ वर्षाकाठी साधारण एखादा सेंटिमीटरच वाढतात. टोपलीएवढा घुमट कोणाच्या पायाखाली फुटला, तर तो तेवढा होण्यास माणसाची एक पिढी लागलेली असते.

पाण्यातील पाठ

प्रशिक्षकाचा दिवस किनाऱ्यावरच्या इतर कष्टकऱ्यांप्रमाणे पहाटे सुरू होतो. टाक्या भरून घ्यावयाच्या, श्वासयंत्राची नळी न् नळी तपासावयाची, तांडेलाबरोबर वारा आणि भरती पाहावयाची. उधाणाच्या दिवसांत पाणी ओढ घेते आणि तळाचा गाळ उठतो. भांगाच्या दिवसांत ते तुलनेने निवळ असते. हे ज्ञान कोणत्याही परदेशी पुस्तकात मालवणपुरते लिहिलेले नाही. ते तांडेलाकडून मिळते, आणि जो प्रशिक्षक मच्छीमाराच्या घरात वाढला त्याला ते उपजतच असते.

टाकीत ऑक्सिजन असतो असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक तीत साधी, गाळलेली, दाबून भरलेली हवा असते. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये नौदल अधिकारी जाक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी असे यंत्र तयार केले, की जे श्वास घेतानाच आणि सभोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने हवा देते. माणसास समुद्रतळावर मोकळेपणी हिंडता आले ते तेव्हापासून.

या यंत्राबरोबर काही गणितही आले. दर दहा मीटर खोलीला एक वातावरण इतका दाब वाढतो. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून तीच टाकी तेथे निम्माच वेळ पुरते. त्या खोलीवर छातीभर हवा घेऊन कोणी श्वास रोखून वर आला, तर ती हवा दुप्पट आकारमानाची होऊ पाहते आणि फुप्फुसास इजा होते. म्हणून पहिला नियम असा, की पाण्यात श्वास कधीही रोखावयाचा नाही. विज्ञानाच्या शिक्षकांना यात बॉईलचा नियम दिसेल. फळ्यावर तो शिकविताना विद्यार्थी जांभया देतात. येथे कोणी देत नाही.

प्रशिक्षक होण्याचा मार्गही लांबच आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'पाडी' या संस्थेची पद्धत आज जगभर रूढ आहे. तीत प्रारंभिक अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास १८ मीटरपर्यंत जाण्याची अनुज्ञा मिळते. पुढे प्रगत अभ्यासक्रम, बचावकार्य आणि मार्गदर्शकाची पायरी असते. प्रशिक्षकाच्या परीक्षेस बसावयाचे तर वयाची १८ वर्षे पूर्ण आणि किमान १०० डुबक्यांची नोंद हवी. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीस स्कूबा व जलक्रीडा प्रशिक्षणाची संस्था उभारल्यामुळे कोकणातील तरुणास या शिक्षणासाठी अंदमान किंवा परदेश गाठण्याची निकड उरली नाही. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु या साऱ्या अभ्यासात प्रवाळांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धडा एकच, आणि तो आहे संतुलनाचा. पाण्यात ना बुडावयाचे ना वर जावयाचे, मध्येच स्थिर राहावयाचे. आर्किमिडीजचे प्लावक बल माध्यमिक शाळेत आपण सर्वच शिकलो आहोत. पाणबुड्याच्या कमरेस शिशाची वजने असतात आणि अंगात हवा भरता येणारे जॅकेट असते. या दोहोंचा मेळ जमला, की उरलेले काम श्वास करतो. दीर्घ श्वास घेतला की शरीर वीतभर वर येते, सोडला की तितकेच खाली जाते. नवख्याला हे जमत नाही. तो घाबरून जास्त वजन मागतो, तळाशी जातो, उभा राहण्यासाठी पायाखाली आधार शोधतो. तो आधार म्हणजे प्रवाळ असतो.

पायांतील लांब रबरी वल्ह्यांचे नुकसान तर त्यांच्या धन्याला दिसतही नाही. त्याच्या मागे उडालेली वाळू प्रवाळांवर बसते. ती झटकण्यासाठी त्या जिवाला चिकट स्राव सोडावा लागतो व त्यात त्याची शक्ती खर्च होते. एकदा बसलेली वाळू तो झटकील. दिवसातून चाळीस वेळा बसली, तर काय करील?

या प्रश्नाचा अभ्यास इतरत्र झालेला आहे. १९९७ मध्ये इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानातील पाहणी प्रसिद्ध झाली. पाणबुड्यांना आधी प्रवाळांविषयी सविस्तर माहिती देऊन पाण्यातही प्रत्यक्ष दाखविले, तर प्रवाळांना होणारा स्पर्श पुष्कळच कमी होतो, असे तीत आढळले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली कॅरिबियनमधील सेंट लुशिया बेटाची पाहणी अधिक बोलकी आहे. नौकेवर सांगितलेल्या एका वाक्याच्या सूचनेचा तेथे काहीच परिणाम दिसला नाही. पाण्यात उतरल्यावर मार्गदर्शकाने स्वतः मध्ये पडून चुकणाऱ्यास सावरले, तेव्हा मात्र स्पर्श स्पष्टपणे घटले. छायाचित्रे काढणारे अधिक धक्के देतात, असेही त्या पाहणीत दिसून आले. फलक लावून आणि पत्रके वाटून आपले कर्तव्य पार पडले असे मानण्याची सवय आपल्या सर्वच खात्यांना आहे. ती दूर ठेवून या निष्कर्षाकडे पाहणे बरे. फलकाचा उपयोग थोडा. उपयोग होतो तो शेजारी पोहणाऱ्या, हात धरणाऱ्या, खुणेने 'वर हो' म्हणून सांगणाऱ्या माणसाचा.

गर्दीचे दिवस

आता मालवणकडे पुन्हा वळू. येथे येणाऱ्या पाहुण्यांपैकी फारच थोडे चार दिवसांचा अभ्यासक्रम करतात. बहुसंख्य लोक दिवाळीच्या, नाताळच्या किंवा मेच्या सुट्टीत येतात आणि एकदाच काही मिनिटे पाण्याखाली जाऊन येतात. त्यांतील अनेकांना पोहताही येत नसते. मार्गदर्शक त्यांना मागून टाकीला धरून खाली नेतो. संतुलनाचा पाठ देण्यास सवड नसते. पाहुण्याला छायाचित्र हवे असते आणि छायाचित्रात मासे हवे असतात, म्हणून माशांना खाद्य टाकण्याची प्रथा पडते. नौका त्याच त्या ठिकाणी उभ्या राहतात, नांगर त्याच खडकांवर पडतात.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी मालवण अभयारण्यातील या मनोरंजक डुबक्यांमुळे प्रवाळांस झालेल्या इजेचा अभ्यास केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा रोख केवळ पाहुण्यांवर नव्हता. या जागेसाठी जबाबदार कोण हेच ठरलेले नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी नौका उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्यानंतर सुरक्षेविषयी चर्चा झाली, आणि ती होणे अगत्याचेच होते. परंतु माणसाची सुरक्षा आणि प्रवाळांची सुरक्षा या दोन वेगळ्या बाबी आहेत असे समजून विचार करण्याचे कारण नाही. ज्या नवख्यावर एक प्रशिक्षित माणूस लक्ष ठेवून आहे तो स्वतः सुरक्षित असतो आणि त्याचे पायही प्रवाळापासून दूर राहतात. एका माणसाच्या हवाली चौघे झाले, की दोन्ही गोष्टी एकाच वेळी निसटतात.

प्रामाणिक प्रशिक्षकाची कोंडी येथेच होते. समुद्र खवळलेला आहे, आज उतरू नये, असे त्याने सांगितले तर पाहुणा शेजारच्या नौकेकडे जातो. चौघांऐवजी दोघांनाच नेईन म्हटले, तर त्याचा दर वाढतो आणि गिऱ्हाईक तुटते. हंगाम मोजका. मेअखेर समुद्र बंद होतो आणि पावसाळ्याचे महिने बिनकमाईचे जातात. कान, सांधे, पाठ यांवर रोजचा ताण असतो. अधिक खोलीवरून घाईने वर आल्यास रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन जडणाऱ्या व्याधीची टांगती तलवार असते; तिच्यावरील उपचाराच्या दाबकक्षाची सोय मुंबईच्या नौदल रुग्णालयासारख्या मोजक्याच ठिकाणी आहे. अशा स्थितीत एकट्याने नियम पाळणे म्हणजे एकट्याने नुकसान सोसणे होय. सर्वांना सारखा लागू असलेला आणि खरोखर अमलात येणारा नियमच त्याला यातून सोडवू शकतो. तो नियम त्याला स्वतःला करता येत नाही.

कॅरिबियनमधील बोनेर बेटाने हे करून दाखविले आहे. तेथे १९७९ मध्ये सागरी उद्यान झाले. प्रवाळांवर नांगर टाकण्यास बंदी आली आणि नौका बांधण्यासाठी कायमचे बोये बसविले गेले. १९९२ पासून प्रत्येक पाणबुड्याकडून शुल्क घेतले जाऊ लागले. हातमोजे घालण्यास मनाई आहे, कारण हातमोजे असले की माणूस निर्धास्तपणे कशालाही धरतो. नव्याने आलेल्यास पहिल्या डुबकीत संतुलन जमते की नाही हे दाखवावे लागते. बोनेर आणि अन्यत्रच्या अभ्यासांवरून ज्युली हॉकिन्स व कॅलम रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांनी एका ठिकाणी वर्षाला पाच ते सहा हजार डुबक्या ही साधारण मर्यादा सुचविली. हा आकडा सर्व समुद्रांना जसाच्या तसा लागू पडणार नाही आणि गाळाच्या मालवणला तर तो जपूनच घ्यावयास हवा. परंतु मर्यादा असते, ती मोजता येते, आणि तीसाठी आधी डुबक्यांची नोंद ठेवावी लागते, एवढे त्यातून निश्चित होते.

अभयारण्य आणि गाव

येथे एक अवघड गोष्ट बोलावयास हवी. १९८७ चे अभयारण्य गावाला आपले वाटले नाही. मच्छीमारांचा त्यास प्रथमपासून विरोध राहिला. पिढ्यान्पिढ्या जेथे रापण ओढली, जेथे कालवे काढली, तेथेच उद्या आपण अपराधी ठरू अशी भीती त्यामागे होती. ती अज्ञानातून आली असे म्हणणे सोपे आहे, पण योग्य नाही. बाहेरून येणाऱ्या यांत्रिक नौकांच्या जाळ्यांनी पारंपरिक मच्छीमार त्रस्त असताना त्याला आधी अभयारण्याच्या सीमारेषा दाखविल्या गेल्या, हेही त्याच्या मनात होते.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या आणि जागतिक पर्यावरण सुविधा निधीच्या साहाय्याने केंद्र व राज्य शासनाने सिंधुदुर्गात २०११ नंतरच्या वर्षांत सागरी जैवविविधतेचा प्रकल्प राबविला. त्यात मात्र उपजीविका आणि संवर्धन यांची सांगड घालण्यावर भर होता. पाणबुड्यांचे शिक्षण हे त्याच विचाराशी जुळणारे. मच्छीमाराचा मुलगा प्रशिक्षक होतो तेव्हा घरी वडिलांच्या तोंडून तो अभयारण्याविषयीचा राग ऐकतो आणि पाण्यात प्रवाळांचे मोल डोळ्यांनी पाहतो. दोन्ही बाजू ज्याला कळतात असा हा गावातला जवळजवळ एकटाच माणूस. त्याला सभेत बोलावून ऐकावयास हवे. आतापर्यंत त्याला बहुधा पाहुण्यांना समुद्र दाखविण्यापुरतेच बोलाविले गेले.

मोजणी, जाळी आणि लावणी

संवर्धनाचे काम म्हणजे पाण्याखाली नेमके काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात असेल. त्याचा मोठा भाग कंटाळवाणा आहे. 'रीफ चेक' ही पद्धत १९९७ पासून जगभर वापरली जाते. तीत प्रवाळांवरून शंभर मीटरची फीत अंथरतात. वीस-वीस मीटरच्या चार तुकड्यांत, ठरावीक अंतरावर फितीखाली काय आहे ते पाटीवर लिहितात: जिवंत प्रवाळ, मृत प्रवाळ, खडक, वाळू, शैवाल. ठरावीक माशांची व इतर जीवांची गणती करतात. शेतीतील पीक पाहणीसारखेच हे काम आहे. तलाठी जसा एका वर्षाच्या नोंदीवर समाधान मानीत नाही, तसेच येथेही. एकाच जागी दरवर्षी मोजले तरच घट की वाढ ते कळते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००२ मध्ये तयार केलेली रंगपट्टी प्रवाळाशेजारी धरून त्याचा रंग जुळविता येतो आणि त्यावरून त्याच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येतो. शाळेच्या सहलीतील मुलांनाही हे जमण्यासारखे आहे.

दुसरे काम हरवलेल्या जाळ्यांचे. नायलॉनचे जाळे खडकावर अडकले, की ते कोणाच्याही मालकीचे नसताना मासे मारीत राहते आणि लाटांबरोबर प्रवाळ घाशीत राहते. ते ओढून काढावयाचे नसते. ओढल्यास प्रवाळही उपटून येतो. कात्रीने एकेक आस कापीत, फुगे बांधून, हळूहळू वर आणावे लागते. टाकीतील हवा संपेपर्यंत चार हातांचे जाळे सुटले तरी काम झाले म्हणावयाचे.

तिसरे काम लावणीचे, आणि त्याचाच गाजावाजा अधिक होतो. तुटलेल्या प्रवाळांचे तुकडे सिमेंटच्या वा लोखंडाच्या चौकटींवर बांधून वाढवितात आणि नंतर खडकावर लावतात. भारतात तुतिकोरीनजवळ मन्नारच्या आखातात २००२ पासून हे प्रयत्न होत आहेत. तेथे एके काळी चुन्यासाठी प्रवाळ खणून काढले जात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये केन नेडिमायर या मूळच्या दर्यावर्दी व्यावसायिकाने उभी केलेली रोपवाटिका जगप्रसिद्ध झाली. परंतु २०२३ च्या उन्हाळ्यात तेथील समुद्र इतका तापला, की रोपवाटिकांतील प्रवाळ काढून जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले. लावणीला अर्थ नाही असे यावरून म्हणता येणार नाही. पण जेथे पाणीच तापते वा जेथे नांगर पडतच राहतात, तेथे आधी लावणी करणे म्हणजे कुंपणाशिवाय रोपे लावणे होय. छायाचित्रासाठी लावणी छान दिसते. बोया बसविल्याचे छायाचित्र कोणी पाहत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली 'गुलदार' ही नौका निवतीच्या खडकांजवळ तळाशी ठेवून तेथे कृत्रिम भित्ती व पर्यटनस्थळ उभारण्याची योजना राज्याने हाती घेतली आहे. लोखंडी सांगाड्यावर जीवसृष्टी वसण्यास वर्षे लागतात. तिला प्रवाळांचा पर्याय मानता येणार नाही. मात्र किल्ल्याभोवतालच्या खडकांवरील गर्दीचा काही भार अशा जागेने उचलला आणि नवख्यांना संतुलनाचा पाठ तेथे दिला गेला, तर तिचा उपयोग मोठा आहे. कोणता पाहुणा कोठे न्यावयाचा, हे ठरविण्यावर ते अवलंबून राहील.

पाणी तापण्याविषयी थोडेसे. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश अधिक उष्णता काही आठवडे टिकली, की प्रवाळ आपल्यातील शैवाले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हेच विरंजन. जगभर असे विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले, आणि चौथे जागतिक विरंजन चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. मालवणच्या प्रवाळांतही गेल्या दशकात विरंजनाची नोंद झाली. मे महिन्यात उतरलेला पाहुणा पांढरे प्रवाळ पाहून खूश होतो, कारण ते निळ्या पाण्यात उठून दिसतात. तो भुकेला जीव आहे, मेलेला नाही, आठवड्याभरात पाणी निवले तर तो सावरेलही, म्हणून आज त्याच्या जवळ जावयाचे नाही, हे त्याला सांगणे प्रशिक्षकाकडे येते. समुद्राचे तापमान त्याच्या हाती नाही आणि आपल्या ग्रामपंचायतीच्याही नाही. तापलेल्या दिवसांत एखादा खडक महिनाभर बंद ठेवणे मात्र दोघांच्याही हाती आहे.

बोया कोठे बसवावा

नांगराचा प्रश्न हा सर्वांत साधा आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडातील की लार्गो येथे जॉन हालास या जीवशास्त्रज्ञाने खडकात भोक पाडून त्यात लोखंडी आस सिमेंटने पक्का करण्याची आणि त्यास तरंगता बोया बांधण्याची पद्धत काढली. नौका बोयाला बांधली, की नांगर टाकावाच लागत नाही. ती पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली. तीत गुंतागुंत फारशी नाही. लागते ते देखभालीचे सातत्य. दोर झिजतो, कडी गंजते, शेवाळ व शिंपले चढून बोया जड होतो. हंगामाच्या शेवटी, मेअखेर, दोर व बोये काढून घ्यावे लागतात, नाही तर पहिल्याच पावसाळी वादळात ते वाहून जातात.

त्यासाठी वर्षाकाठी किती खर्च येतो, तो कोणी करावयाचा, पाहुण्याच्या शुल्कातून किती रक्कम त्यासाठी बाजूस ठेवावयाची, हे नौकाधारक, ग्रामपंचायत, वनविभाग आणि बंदर अधिकारी यांनी एकत्र बसूनच ठरवावे लागेल. प्रशिक्षकाने हिशेब द्यावा: कोणत्या खडकावर किती नौका लागतात, कोठे प्रवाळ दाट आहेत, कोठे वाळूचा मोकळा तळ आहे. रापणकरांनी सांगावे, की जाळ्याची वाट कोठून जाते. कारण वाटेत बसविलेला बोया जाळे फाडील आणि पहिल्या आठवड्यातच कापला जाईल, व तो कापणाऱ्यास दोष देता येणार नाही.

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळू लागतो आणि ऑक्टोबरपासून पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. मधल्या महिन्यांत प्रशिक्षक किनाऱ्यावरच असतात, नौका वर ओढलेल्या असतात आणि बोलण्यास सर्वांनाच सवड असते. खडकांचा नकाशा तांडेलांच्या डोक्यात आहे. तो कागदावर उतरविण्याचे काम किनाऱ्यावरच्या एखाद्या माध्यमिक शाळेतील भूगोलाच्या शिक्षकाने याच महिन्यांत हाती घ्यावे आणि तो नकाशा सप्टेंबरच्या बैठकीपूर्वी ग्रामपंचायतीच्या टेबलावर ठेवावा.